वीस ग्रॅम बिया

आप्पांनी स्वतः फोन करून सगळ्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं, तेव्हाच सुनेच्या मनात पाल चुकचुकली होती. बोलावणं हे सासूबाईंचं, माईंचं खातं. आप्पा आपले खालच्या दुकानातून हात धुऊन वर यायचे, मान खाली घालून जेवायचे आणि शेवटचा घास घशाखाली उतरायच्या आत जिना उतरायला लागायचे. त्या दुकानात साठ वर्षं वजनकाटे दुरुस्त होत आले होते. आधी आप्पांच्या वडिलांच्या हातून, मग आप्पांच्या, आणि गेली बारा वर्षं आप्पांच्या शेजारी स्टुलावर बसणाऱ्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्याही.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना मधुमेह निघाला, तेव्हा दवाखान्यातून परत येताना ते थोरल्याला म्हणाले होते, “चौसष्ट लागलं की मालकाची खुर्ची तुझी. मी स्टुलावर.” चौसष्ट लागून आता महिना झाला होता. त्यामुळे आज नवऱ्याने सकाळीच गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आरशासमोर नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त काढली. सुनेने नुसती त्याची कॉलर सारखी केली. इतक्या आशेने नटलेल्या माणसाला काय बोलायचं?

दोघं वर पोचली तेव्हा आप्पा जेवणाच्या टेबलावर काचेच्या पेटीतला छोटा काटा मांडून बसले होते. औषधाच्या दुकानात असतो तसला, कागदाचा कपटा ठेवला तरी हलणारा. एका पारड्यात पितळी वजनं, दुसऱ्यात बिया. भाजलेलं जवस, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया, थोडे तीळ. आप्पा चिमट्याने भोपळ्याची एक बी उचलत होते, काट्याकडे बघत होते आणि पुन्हा ठेवत होते.

“वीस ग्रॅम,” शेवटी ते म्हणाले. “ना एक बी इकडे, ना एक बी तिकडे.”

“याला म्हणतात पथ्य!” काकांनी टेबलावर थाप मारली. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. मोटार शिकवायची शाळा चालवायचे, आणि जगातल्या यच्चयावत आजारांचा इलाज त्यांच्या मोबाइलवर येऊन पडलेला असायचा. “नाहीतर आमच्या डॉक्टरीणबाई. म्हणे चमच्याने मोजा!”

डॉक्टरीणबाई म्हणजे सून. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढायची. काकांनी हे नाव लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठेवलं होतं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा हिशोब तिने कधीच सोडून दिला होता.

बिया तिनेच सुरू केल्या होत्या. म्हणजे दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलं आणि तिने ते कागदावर उतरवून माईंच्या फ्रिजवर चिकटवलं. नाश्त्याबरोबर दोन चमचे बिया, जवस कुटून. पांढरा पाव कमी. जेवणानंतर अर्धा तास चालणं. आणि सगळ्यात वर, लाल शाईने, ‘गोळ्या वेळेवर’. पहिल्या सहा महिन्यांतच साखरेचा आकडा छान खाली आला, आणि आप्पांनी सगळं श्रेय बियांना देऊन टाकलं. गोळ्यांना कोण श्रेय देतं? त्या बिचाऱ्या पाण्याच्या घोटाबरोबर जातात. बिया कशा, चावाव्या लागतात, दातांत अडकतात, आपण काहीतरी केलं असं वाटतं.

“सूनबाई, इकडे ये. एक गंमत दाखवतो.” आप्पांनी जवसाचं पाकीट उचललं आणि मागची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. कारखान्याचा पत्ता, पाकीट भरल्याची तारीख, सगळं. मग पाकीट खाली ठेवून त्यांनी स्वतःच्या नाकाकडे बोट केलं. नाकावर चष्मा नव्हता.

“सुटला! पंधरा वर्षांचा वाचायचा चष्मा. गेले दोन महिने हातसुद्धा लावलेला नाही. बियांनी डोळे तरुण केले माझे.”

काकांनी टाळ्या वाजवल्या. नणंद, जिला सगळे अजून छोटीच म्हणत, ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि “काय सांगताय आप्पा!” म्हणून हसली. गणिताची शिक्षिका होती ती, सकाळच्या गाडीने दोन तासांचा प्रवास करून आली होती. आल्यापासून घरात सगळं आनंदाचंच चाललंय, असं तिला वाटत होतं.

सुनेला मात्र ही गंमत वाटली नाही. चौसष्टाव्या वर्षी वाचायचा चष्मा असा आपोआप सुटत नाही. साखर फार चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं. मग जवळचं एकाएकी स्वच्छ दिसायला लागतं आणि लांबचं धूसर होतं. अशी तीन गिऱ्हाइकं तिच्या दुकानात आली होती आणि तिन्हींना तिने चष्मा न देता रक्त तपासायला पाठवलं होतं. कदाचित मोतीबिंदू असेल, त्यातही होतं असं, अशी तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. पण नजर आप्पांच्या शर्टावर गेली. कॉलर मानेभोवती सैल झाली होती, आणि ती आल्यापासून आप्पांनी तांब्याभर पाणी संपवलं होतं.

ताटं रिकामी झाल्यावर आप्पांनी खाकरून घसा साफ केला. थोरला सरसावून बसला.

“खुर्चीचं जरा पुढे ढकलू या,” आप्पा म्हणाले. “मी शब्द दिला तेव्हा आजारी होतो. आता नाही. अजून दहा वर्षं सहज बसेन खुर्चीत. हेच सांगायला बोलावलं तुम्हाला. आनंदाची गोष्ट आहे.”

थोरल्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“आप्पा, दादाला शब्द दिला होतात ना तुम्ही?” छोटी म्हणाली.

“मग? शब्द मोडला का? पुढे ढकलला.”

“बाप धडधाकट आहे म्हणून पोराने तोंड पाडायचं?” काका म्हणाले. “उलट दुकानात भाऊ बसलाय तोवर याने निवांत राहावं!”

माई ताटं गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सुनेला ते खटकलं. माई अशा वेळी चार शब्द बोलल्याशिवाय राहणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“आप्पा,” सून म्हणाली, “खिडकीतून समोर बघा. चप्पलवाल्याच्या दुकानावर नवा फलक लागलाय. काय लिहिलंय त्यावर?”

“हे काय मध्येच?”

“सांगा तरी.”

आप्पांनी मान पुढे काढली. डोळे बारीक केले. “फलक... आहे की. निळा आहे.”

“अक्षरं?”

“ऊन पडलंय त्याच्यावर.”

ऊन कुठेच पडलं नव्हतं, आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. छोटीने आप्पांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि हळूच वाचलं, “‘दुकान भाड्याने देणे आहे.’” एकेक अक्षर हातभर होतं.

तेव्हा थोरला बोलला. आल्यापासूनचं त्याचं हे पहिलंच वाक्य.

“पार्सल ऑफिसचा मोठा काटा तुम्ही गेल्या आठवड्यात पास केलात, आप्पा. उभ्याने तबकडी वाचून. दोनशे ग्रॅमचा फरक होता त्यात.”

“शक्यच नाही.”

“होता. तुम्ही जेवायला वर आलात तेव्हा मी नीट केला आणि मग पाठवला.”

आप्पांचा चेहरा पडला. वडिलांनी दुकान काढल्यापासून तिथून एकही काटा खोटा बाहेर गेला नव्हता, ही त्यांची सगळ्यात मोठी मिळकत. “आणि मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? की तुम्हाला दिसत नाही? तुम्ही जगभर चष्मा सुटल्याचं सांगत होतात.”

काका एकदम सुनेकडे वळले. “हे बियांचं खूळ हिनेच आणलं घरात! बियांनीच घात केला डोळ्यांचा.”

“अहो, आत्ताच टाळ्या वाजवत होतात ना तुम्ही?” छोटी म्हणाली. पण तिच्याही आवाजात शंका होती. “वहिनी, खरंच बियांनी होतं का गं असं?”

“दोन चमचे बियांनी कुणाचे डोळे जात नाहीत.” सुनेने आप्पांकडे सरळ पाहिलं. “आप्पा, गोळ्या घेताय ना?”

आप्पा काट्याच्या पेटीचं झाकण लावायला लागले. ते नीट बसेना. दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

“नाही घेत,” माई म्हणाल्या. हातातली ताटं त्यांनी तशीच टेबलावर ठेवली. “पाच महिने झाले. रोज सकाळी मी बशीत गोळी काढते. रोज म्हणतात, ठेव परत. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती.”

“माई!” आप्पा ओरडले.

“ओरडा. पाच महिने गप्प बसले, आता नाही बसवत. रात्री तीन-तीनदा उठता तुम्ही पाणी प्यायला, मला काय कळत नाही?”

सुनेला क्षणभर माईंचाच राग आला. मग स्वतःचा. दर रविवारी ती या घरात येत होती. फ्रिजवरचा तो कागद दरवेळी तिच्या नजरेसमोर असायचा. पण गोळी घेतली का, असं एकदाही तिने तोंडाने विचारलं नव्हतं. कागद चिकटवला म्हणजे आपलं काम झालं, असं धरून चालली होती ती.

“कशाला घेऊ गोळ्या?” आप्पांचा आवाज चढला होता. “आकडा उतरला होता. बिया काम करत होत्या. गोळी म्हणजे एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, मग सुई. आणि सुईनंतर काय येतं ते या घरात मला आणि याला माहीत आहे.” त्यांनी काकांकडे हात केला. “बाबांच्या डाव्या बुटात पितळी स्क्रू गेला होता. दिवसभर चालले, कळलं नाही. आधी करंगळी काढली. मग पाऊल. मग गुडघ्यापासून खाली पाय. एकोणीस वर्षांचा होतो मी. सुई मीच टोचायचो त्यांना, रोज दोन वेळा. औषधांनी नेलं त्यांना, साखरेने नाही.”

काका खाली बघत होते. त्यांचे ओठ काहीतरी म्हणायला हलले आणि मिटले.

“माई, साखर मोजायचं यंत्र कुठे आहे?” सुनेने विचारलं.

माईंनी कपाटातून डबा आणला. त्यातल्या पट्ट्यांच्या बाटलीचं सील तसंच होतं. आप्पांनी कुरकुर केली, पण सगळ्यांच्या नजरा त्यांच्या बोटावर खिळल्या होत्या. साबणाने हात धुऊन आले, बोट पुढे केलं. सुनेने टोचलं, थेंब पट्टीला लावला. यंत्राने पाच सेकंद घेतले.

तीनशे बेचाळीस.

“यंत्र खोटं आहे,” आप्पा म्हणाले.

“असेल,” सून म्हणाली. “तुमच्याकडे आलेला काटा खोटा आहे का, ते कसं बघता तुम्ही?”

न राहवून आप्पांनी उत्तर दिलं, “ज्याचं वजन माहीत आहे असं काहीतरी ठेवून.”

“मग तसंच बघू. आम्ही सगळे धडधाकट आहोत. आमचं ठेवू.”

हे आप्पांना पटलं. पटणारच, सगळा जन्म त्यांनी हेच केलं होतं. ते उठून सुनेच्या बाजूला येऊन उभे राहिले, एखाद्या गिऱ्हाइकाच्या काट्यावर नजर ठेवावी तसे. माईंचा आकडा एकशे एकवीस आला. सुनेचा एकशे आठ. छोटी टोचताना किंचाळली आणि नव्याण्णव आल्यावर वर्गात पहिली आल्यासारखी हसली. काकांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

“काका, रोज लोकांना ट्रकसमोर गाडी घालायला शिकवता आणि सुईला घाबरता?” छोटी म्हणाली.

“ट्रक दिसतो तरी!” काकांनी डोळे गच्च मिटून बोट दिलं. एकशे सेहेचाळीस. “दोनदा भात घेतला होता मी,” त्यांनी लगेच जाहीर केलं.

सगळे हसले. आप्पाही हसले थोडे. त्या हसण्याच्या भरात थोरल्याने आपलं बोट पुढे केलं. “घ्या, माझंही घ्या.”

दोनशे एकतीस.

हसणं जागच्या जागी थांबलं. सुनेने यंत्र उन्हात धरल्यासारखं वर धरून पुन्हा पाहिलं. “तुम्ही आत्ता संत्रं सोललंत,” ती घाईघाईने म्हणाली. “बोटाला रस असेल. हात धुवा. साबणाने. नीट.”

तो धुऊन आला. तिने दुसरं बोट घेतलं. नवऱ्याच्या बोटाच्या टोकावर कानशीचा जुना वण होता, तो तिने शंभर वेळा पाहिला होता. आज तो धरताना तिला वाटलं, हा माणूस रोज माझ्या शेजारी झोपतो आणि मी परक्यांचे डोळे तपासत बसते.

दोनशे सव्वीस.

आप्पांनी यंत्र तिच्या हातातून काढून घेतलं. जवळ धरून आकडा वाचला. चष्म्याशिवाय, अगदी स्वच्छ दिसत होता त्यांना. मग काटा तपासून झाल्यावर दुकानात जसं म्हणायचे तसं म्हणाले, “यंत्र बरोबर आहे.”

“एवढं काय त्यात,” थोरला म्हणाला. बायकोचा उतरलेला चेहरा बघून तो हसायला गेला. “उद्यापासून मीपण बिया सुरू करतो. आप्पांसारख्या, वीस ग्रॅम मोजून. डॉक्टर नको, गोळ्या नकोत. कोण त्या भानगडीत पडणार?”

“मूर्खासारखं बोलू नकोस!”

आप्पांची मूठ टेबलावर अशी आदळली की पितळी वजनं उडाली आणि एक घरंगळत जमिनीवर गेलं. कुणी ते उचललं नाही. आप्पा थोरल्याकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आत्ता पोराने जे म्हटलं ते शब्द त्यांचेच होते.

तेव्हा काका बोलले. त्यांचा तो नेहमीचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“भाऊ, बाबांना औषधांनी नाही नेलं. तू तेव्हा बाहेरगावी वसतिगृहात शिकायला होतास, मी घरी होतो. साखर निघाल्यावर सहा वर्षं त्यांनी एक गोळी घेतली नाही. कुणीतरी दिलेला कसला तरी काढा प्यायचे आणि म्हणायचे, बघा, मला काही होत नाही. तू परत आलास तेव्हा सुया चालू झाल्या होत्या, म्हणून तुला वाटलं सुयांनी झालं. उशीर आधीच झाला होता.”

“इतकी वर्षं बोलला नाहीस?”

“तू सुया टोचत होतास त्यांना. तुला काय सांगू? आणि मग मीच तुला मोबाइलवरचे इलाज पाठवत बसलो. बोलायला तोंड कुठे होतं मला?”

आप्पा खुर्चीत बसले. माईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि या वेळी त्यांनी तो झटकला नाही.

सुनेने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरीणबाईंनी, पोटात दुखतंय का, उलटी होतेय का, गुंगी येतेय का, असं सगळं विचारून घेतलं. तसलं काही नव्हतं. पाणी भरपूर द्या, यातलं काहीही झालं तर तडक या, नाहीतर सकाळी दोघांनाही उपाशीपोटी घेऊन या, असं त्या म्हणाल्या.

“सकाळी आठला,” आप्पा म्हणाले. “दोघंही.”

“आणि दुकान?” थोरल्याने विचारलं.

“बंद.”

जिना उतरताना नवरा मधल्याच पायरीवर थांबला. “खुर्ची घ्यायला आलो होतो,” तो म्हणाला, “आणि घेऊन काय चाललोय बघ.” सुनेला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरले. तिने त्याचा हात धरला. दोघं तिथेच बसली थोडा वेळ, शाळेतल्या पोरांसारखी, पायरीवर.

सोमवारी दवाखान्यात आप्पा सगळ्यांच्या आधी हजर होते. माईंनी पिशवीत पाच महिन्यांच्या गोळ्यांची पाकिटं भरून दिली होती, पुरावा म्हणून. रक्त देऊन झाल्यावर तिघं बाकावर बसली. आप्पा आणि थोरला शेजारी, कापसाचा बोळा दाबून धरलेले दोन सारखेच हात.

“पार्सल ऑफिसचा काटा तू नीट केलास,” आप्पा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. “बरं केलंस.”

थोरल्याने बोळा उचलून पाहिला आणि पुन्हा दाबला.

“माझी नजर ताळ्यावर येईपर्यंत सगळे काटे तूच पास कर. खुर्चीत बसून. स्टुलावरून तबकडी नीट दिसत नाही.”

“आणि नजर ताळ्यावर आली की?”

“मग मी स्टुलावर बसून बघेन, तू नीट करतोस का ते.”

सुनेने मान फिरवून खिडकीकडे पाहिलं, कारण आपला चेहरा फार बोलका आहे हे तिला माहीत होतं.

आत गेल्यावर आप्पांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली. “मी सोडल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. हिने तर लाल शाईने लिहून दिलं होतं,” सुनेकडे अंगठा करून ते म्हणाले. ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून पाच वर्षं चाललेल्या चेष्टेची भरपाई त्या एका वाक्यात झाली.

डॉक्टरांनी रागावणं थोडक्यात आटपलं. गोळ्या पुन्हा सुरू, पंधरा दिवसांनी तपासणी. साखर उतरली की वाचायचा चष्मा पुन्हा लागेल, आणि तो लागला तर आनंद माना, असं त्या म्हणाल्या. थोरल्याचं काय ते प्रयोगशाळेतून कळेल, पण लक्षण लवकर सापडलंय, छत्तिसाव्या वर्षी. हातात खूप काही आहे.

“आणि बिया?” आप्पांनी खालच्या आवाजात विचारलं. आवडतं काहीतरी आता जाणार, अशा तयारीने. “बंद करू?”

“का म्हणून? चांगल्या आहेत बिया. त्यांच्या चोथ्याने साखर हळूहळू चढते, पोट भरल्यासारखं राहतं. खा, रोज खा. दोघांनीही खा. फक्त त्या गोळीचं काम करतील असं समजू नका. आणि पाणी जास्त प्या.”

“याच्या वाटणीचं मी मोजून देत जाईन.”

“चमचा पुरतो हो, आप्पा,” सून म्हणाली.

“चमच्यात किती मावतं ते चमचा कुणाच्या हातात आहे त्यावर असतं,” आप्पा म्हणाले, आणि डॉक्टर पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

मग त्या म्हणाल्या, “बूट-मोजे काढा. पाय बघू.”

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. ते कॉटवर बसले खरे, पण बुटाची नाडी त्यांना सुटेना. थोरल्याने खाली बसून ती सोडवली. डॉक्टरांनी एका मुठीला बसवलेला नायलॉनचा बारीक धागा घेतला. “डोळे मिटा. धागा टेकला की सांगा, कुठे टेकला.”

“उजवा अंगठा,” आप्पा म्हणाले. “उजवी टाच. उजवा चवडा.” आवाज सपाट होता, पण दोन्ही हातांनी त्यांनी कॉटची कड आवळून धरली होती. उजवा पाय झाला. डावा सुरू झाला. अंगठा. टाच. मधलं बोट. मग डॉक्टर थांबल्या. धागा हवेत होता. आप्पा वाट बघत होते, आणि काही कळत नाही म्हणून त्यांच्या कपाळावर घाम येत होता. सुनेला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, अजून टेकवलाच नाहीये.

धागा खाली आला. इतका हलका, की त्याला जेमतेम बाक आला.

“करंगळी,” आप्पा म्हणाले. “डावी. डावी करंगळी.”

“सगळं बरोबर,” डॉक्टर म्हणाल्या. “पाय शाबूत आहेत तुमचे. असेच ठेवा.”

आप्पांनी डोळे उघडले. लगेच पुन्हा मिटले. “अजून एकदा कराल का? एका वेळच्या मापावर मी भरवसा ठेवत नाही.”

डॉक्टरांनी अजून एकदा केलं. दोन्ही पाय, सगळ्या जागा, शेवटी पुन्हा ती करंगळी. आप्पांनी एकही चुकवली नाही. मग ते कॉटवरून उतरले, अनवाणीच, गार फरशीवर उभे राहिले आणि क्षणभर नुसते उभेच राहिले.

“बस,” ते थोरल्याला म्हणाले. “आता तुझे.”

थोरल्याने बूट काढले, मोजे काढले. ठेवायला जागा नव्हती म्हणून आप्पांनी ते मोजे आपल्या हातात धरले.

“डोळे मीट,” ते म्हणाले, “आणि खरं खरं सांग.”